झोपायचं काम

पाऊस यायचा तेव्हा येऊ दे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण दिवसभर स्वच्छ आभाळ दाखवायचं, आम्हाला विटा वाळत घालू द्यायच्या, आणि अंधार पडायच्या आत येऊन सगळं धुऊन न्यायचं, याला काय म्हणायचं? त्या वर्षी हंगाम भरात असताना हेच झालं. दादा, वहिनी आणि मी, तिघांनी थापलेल्या विटा सकाळी बघायला गेलो तर ओळीच्या ओळी बसून गेलेल्या. कडेच्या काही उभ्या होत्या. त्यांना हात लावला की बोट सरळ आत जात होतं.

मुकादम छत्री टेकत आला. "भट्टीत चढली त्या विटेची मजुरी," म्हणाला. "चिखलाची कोण देतं?"

आम्ही काही बोललो नाही. म्हणजे दादा आणि वहिनी बोलले नाहीत. मी थोडं बोलले, पण माझं बोलणं भट्टीवर कोणी मोजत नाही. मला टकळी म्हणतात. सख्खा भाऊसुद्धा टकळेच म्हणतो, नावाने हाक मारली तर मीच दचकेन.

चिखल फावड्याने ओढून पुन्हा ढीग घातला, पुन्हा भुसा टाकला, पुन्हा दादा आत उतरून तुडवायला लागला. नवं काम करताना जे हात चालतात ते केलेलं काम पुन्हा करताना चालत नाहीत. दादा चार पावलं टाकायचा, थांबायचा, गुडघ्यावर हात ठेवून खोकायचा, मग पुढे. थंडीपासून हे चाललं होतं. भट्टीवर न खोकणारा माणूस म्हणजे काल आलेला माणूस, त्यामुळे त्याच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. मीही नाही.

सगळ्यांचं लक्ष होतं मुंगीकडे. मुंगी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी डोक्यावर दोन-दोन विटा घेऊन आमच्या मागे ओळीत चालायची, म्हणून मुंगी. ती बारावी झाली, डॉक्टरकीची परीक्षा दिली, आणि एक नाही दोन कॉलेजांत तिचं नाव लागलं. फी दोन्हीकडे सरकार भरणार होतं. शनिवारपर्यंत एक ठरवून कळवायचं होतं, तेवढंच आमच्या हातात.

एक कॉलेज जवळचं. भट्टीवरून जो मोठा रस्ता जातो त्याच रस्त्यावर, बसने तासाभरात. नवंकोरं, काचेचं, पुढे कारंजं. दुसरं लांबचं. एक रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग कुठली तरी बस. जुनं, दगडी. तिथे आपल्या ओळखीचं कुत्रंही नाही. शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले होते, लांबचंच घे.

"सरांचं काय जातंय," दादा म्हणाला. "त्यांची मुलगी थोडीच निघालीय."

दादाला जवळचं हवं होतं. आठवड्याला घरी येईल, हंगामात चार दिवस हातही लावेल. हे दुसरं तो बोलला नाही, पण माझा भाऊ आहे, मला कळतं. आणि मी? खरं सांगते, मलाही जवळचंच हवं होतं. माझा संसार दोन वर्षांत मोडला, परत आले तेव्हा मुंगी नुकती रांगत होती. आई चिखलात, बाप भट्टीवर, ती माझ्या कमरेवर. तिच्याशिवाय माझं आहे कोण? ती इतकी लांब जाणार या विचाराने मला जेवण जात नव्हतं, आणि मला जेवण जात नाही असं सहसा होत नाही.

वहिनी काहीच म्हणत नव्हती. वहिनीला विचारलं की ती साचा पाण्यात बुडवते आणि पुढची वीट थापते.

"तुला काय वाटतं गं?" मी मुंगीला विचारलं.

"मला दोन्हीतलं काहीच माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. "मी दोन्ही फक्त फोटोत बघितलीत."

बुधवारी मुकादम पुन्हा आला. या वेळी चेहरा वेगळाच, गोड.

"विटा वाळेपर्यंत बसून काय करणार?" म्हणाला. "एक दिवसाचं काम आहे. झोपायचं."

"झोपायचं कसलं काम?" दादा.

"त्या नव्या दवाखान्यात. कॉलेजच्या. वरून तपासायला माणसं येणार आहेत, खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. सकाळी ट्रक येईल. गादीवर पडायचं, विचारलं तर सांगितलेलं दुखणं सांगायचं, संध्याकाळी परत. मजुरी रोजची, वर जेवण."

मी हसत सुटले. जन्मभर उन्हात वाकलो तेव्हा कधी वेळेवर मजुरी मिळाली नाही, आता पडून राहायची मिळणार. पण दादा हसला नाही. त्याचे डोळे चमकले.

"कॉलेज तेच ना, मुंगीचं?" म्हणाला. "मग जाऊच या. पोरगी द्यायची तर आधी घर बघून येतात. आयतीच संधी आलीय."

आता हे आमचं शहाणपण ऐका. गुरुवारी सकाळी आम्ही घर बघायला जावं तसे नटून उभे राहिलो. दादाने ठेवणीतला पांढरा शर्ट घातला, वहिनीने पेटीतलं लुगडं काढलं, मी केसांना तेल लावून चपचपीत बसवले. मुंगीही आली. कॉलेज तिला बघायचं होतं, आणि मुकादमाला माणसं कमीच पडत होती.

ट्रकजवळ मुकादमाने आम्हाला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "लग्नाला निघालात का? आजारी माणसं अशी येतात? बदला. रोजचे घाला."

बाकीचे सगळे ट्रकवरून बघत होते. दादा मुकाट्याने झोपडीत गेला आणि भट्टीचा शर्ट घालून आला. पांढरा शर्ट त्याने घडी करून काखेत धरला. का, ते त्यालाच ठाऊक. माझ्या केसांचं तेल काही निघालं नाही.

दवाखाना खरंच सुंदर. फरशीत तोंड दिसावं इतकी स्वच्छ. आम्हाला पुढून नाही, मागच्या दाराने नेलं आणि चपला बाहेर काढायला लावल्या, चपलांची माती फरशीवर उठत होती म्हणून. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, काही गाद्यांवर अजून दुकानातला प्लॅस्टिकचा कागद होता. एक टायवाला तरुण माणूस आजार वाटत फिरत होता.

"तुम्ही पोटदुखी," मला म्हणाला. "उजवीकडे, खाली."

"डावीकडे दुखलं तर?"

"उजवीकडे, मावशी."

वहिनीला मोडलेला पाय मिळाला. तिचा धडधाकट पाय दोघांनी धरला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढवलं. मुंगीला ताप. दादाला दमा. "दम लागतो म्हणायचं आणि थोडं खोकायचं. जमेल?"

"जमेल की," दादा म्हणाला.

मग आम्ही पडलो. गादी इतकी मऊ की पाठीला कळेना आपण कशावर आहोत. दादा हाताने गादी दाबून बघत होता, भिंतीतला दिवा लावून बघत होता. "बघ," मला हळूच म्हणाला, "इथे शिकेल आपली मुंगी. अशा ठिकाणी."

पांढरा कोट घातलेली एक मुलगी माझा रक्तदाब बघायला आली. तिसऱ्या वर्षाला होती. तिने पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. माझा हात बधिर झाला.

पलीकडच्या खाटेवरून मुंगीने विचारलं, "ताई, इथे पेशंट किती येतात?"

त्या मुलीने आजूबाजूला बघितलं. "येतात. ट्रक येतो तेव्हा."

"आणि एरवी?"

"एरवी आम्ही एकमेकींचा रक्तदाब बघतो." तिने पट्टा सोडला. माझा आकडा तिला सापडला नव्हता, काही तरी लिहून टाकलं. जाताना मुंगीला म्हणाली, "तू का विचारतेस?"

"सहज," मुंगी म्हणाली. ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडून राहिली. लाज वाटली असणार तिला. ज्या कॉलेजात उद्या कोट घालून यायचं तिथे आज ती अनवाणी पायांनी तापाचं सोंग घेऊन पडली होती.

तपासणीवाले दुपारी आले. तिघे, आणि त्यांच्या मागेपुढे कॉलेजचे दहाबारा. भराभर चालत होते. मला कोणी विचारलंच नाही, मी उजवीकडे हात धरून तयार होते. वहिनीच्या प्लास्टरवर एकाने पेनने टकटक केलं. दादाच्या खाटेशी त्यांच्यातला वयस्कर माणूस थांबला.

"काय होतंय?"

"दम लागतो, साहेब," दादाने शिकवलेलं सांगितलं, आणि थोडं खोकायला गेला.

थोडं काही आलं नाही. खोकल्याला वाटच मिळाली. दादा उठून बसला, खाटेची दांडी धरली, वाकला. त्याचा चेहरा काळानिळा पडला, मानेच्या शिरा टरारल्या. मी पडल्या जागी घाबरले. शेवटी त्याने कमरेचं फडकं तोंडाला लावलं आणि मग ते पटकन उशीखाली सारलं. साहेब दोन पावलं मागे सरकला होता. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बरं बरं. पडा." आणि सगळे पुढे गेले.

एवढे डॉक्टर. सगळ्यांच्या गळ्यात ती नळी. एकानेही ती दादाच्या छातीला लावली नाही.

ते गेल्यावर टायवाला धावत आला आणि त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. "काका, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. काय खोकलात. पुढच्या तपासणीला तुम्ही पाहिजेतच."

दादा घाम पुसत हसला. खरंच खूश झाला होता.

चादरी गोळा करायला माणसं आली त्याच्या आधी मुंगी दादाच्या खाटेशी गेली. उशीखालचं फडकं तिने काढलं, उलगडून बघितलं, घडी करून मुठीत धरलं. वहिनीचं प्लास्टर कापून काढलं तेव्हा आतली कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. जेवण दिलं, तेही ट्रकमध्ये बसल्यावर, हातात.

घरी आल्यावर नळाशी मुंगीने मला ते फडकं दाखवलं. त्यावर लाल होतं. विटेचं लाल मी ओळखते, ते हे नव्हतं.

"बाबा, उद्या डॉक्टरकडे जाऊ," मुंगी त्याला म्हणाली.

दादा तोंड धुत होता. "डॉक्टरकडेच तर होतो दिवसभर."

"तसं नाही. तपासायला."

"अगं, एवढे मोठमोठे बघून गेले. कोणी काही म्हणालं? काही असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी? बरं बरं म्हणाला तो म्हातारा, तूच ऐकलंस." त्याने हात पुसले. "उलट आता मला काळजीच राहिली नाही."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी फडकं पदराआड घेतलं आणि धुवायला निघून गेले.

शुक्रवारी भट्टीवर दादा सगळ्यांना तेच सांगत होता. गादी कशी, दिवा कसा, आणि आपण कसे खोकलो. लोक म्हणायचे, करून दाखव. तो करून दाखवायचा, आणि मग त्याला थांबता यायचं नाही. लोक हसायचे. मुंगी विटा रचत होती. तिच्या हातातली कच्ची वीट फुटली तसं तिने बाकीच्या खाली ठेवल्या आणि सरळ दादासमोर येऊन उभी राहिली.

"मी लांबच्या कॉलेजात जाणार," म्हणाली.

दादाचं हसू गेलं. "का? जवळचं बघून आलीस ना? काय कमी आहे तिथे?"

"पेशंट नाहीत."

"नवं आहे. येतील. तुझ्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध?"

"बाबा, तुम्ही तिथे खरं खोकलात."

"मग? चांगलं केलं नाही का?"

"खरं खोकलात, आणि त्यांना कळलं नाही. किंवा कळलं, आणि ते पुढे गेले. मी तिथे पाच वर्षं काढली तर मलाही कळायचं नाही."

दादा चिडला. तो चिडला की आवाज चढत नाही, खाली जातो. "म्हणजे मी आजारी आहे म्हणतेस. चार पुस्तकं वाचलीस आणि बापाचा आजार काढायला लागलीस. जायचं तर जा लांब, पण माझ्या खोकल्यावर घालू नकोस." आणि माझ्याकडे वळला. "टकळे, तू सांग तिला. एरवी थांबत नाहीस."

मला जे बोलायचं होतं ते मी रात्रंदिवस घोळवत होते. नको जाऊस, एवढंच. ते ओठांवर होतंच. पण फडकं मी माझ्या हाताने धुतलं होतं, आणि तो डाग गेला नव्हता. मी तोंड दुसरीकडे केलं.

बोलली ती वहिनी. साचा खाली न ठेवता, चिखलातून वर न बघता.

"माझा पाय चांगला होता, तो बांधला. तुमची छाती बरी नाही, तिला हात लावला नाही. तिथे पोरगी काय शिकेल?" मग मला म्हणाली, "वन्सं, पाणी द्या इकडे."

मी पाणी दिलं. दादा चिखलात उतरून तुडवायला लागला. शनिवारी मुंगी कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन कळवून आली, तेव्हा त्याने विचारलंही नाही. मी तेवढी ओट्यामागे जाऊन पोटभर रडले. जगात सगळ्यांना शहाणपण सुचलं की रडायला एक माणूस लागतोच.

निघायच्या आधी मुंगीने एकच हट्ट धरला. "सोडायला बाबांनी यायचं. नाहीतर मी जात नाही."

"आत्या येतेय ना."

"आत्या येऊ दे. पण तुम्ही पण."

दादा गुरगुरला, पण पांढरा शर्ट काढून घातला. या वेळी तो बदलायला सांगणारं कोणी नव्हतं. वहिनी भट्टीवर राहिली. कोणीतरी थापायला हवंच होतं. ट्रंक डोक्यावर द्यायला ती रस्त्यापर्यंत आली, मुंगीच्या तोंडावरून चिखलाचा हात फिरवला, आणि लागलेला चिखल पुसायचंही तिला सुचलं नाही. मुंगीनेही पुसला नाही.

दोन रेल्वे आणि एक बस झाली. ते जुनं कॉलेज बघून माझं तर मनच बसलं. भिंतींना ओल, जिन्याच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि माणसं. ओसरीत, जिन्यात, भिंतीला टेकून, जमिनीवर चटया टाकून. औषधाचा वास, घामाचा वास, कुठेतरी मूल रडतंय. दादा नाक मुरडून चालत होता. "हे घेतलंस," मुंगीला म्हणाला. "ती फरशी सोडून हे." नव्या मुलांची कचेरी कुठे ते विचारलं तर लोकांनी पुढचं फाटक दाखवलं. मुंगी आम्हाला बाजूच्या, जिथून पेशंट आत जात होते त्या फाटकाने घेऊन चालली. मला कळलं, पण मी बोलले नाही. अलीकडे मला न बोलायची सवय लागत होती.

गर्दीच्या मधोमध एका टेबलाशी एक जाड बाई बसली होती, केसांत पेन खोचलेलं, चहा गार होऊन बाजूला. एकाची छाती ऐकत होती, दुसऱ्याला जीभ काढायला सांगत होती. आम्ही तिच्या बाजूने निघालो होतो. तेवढ्यात दादाला खोकला आला. ट्रंक खाली ठेवून तो भिंतीला धरून उभा राहिला.

बाईने मान वर केली. "कोण खोकतंय ते?"

रांगेतले सगळे दादाकडे वळले.

"पांढरा शर्ट. पुढे या."

"मी पेशंट नाही," दादा म्हणाला. "पोरीला सोडायला आलोय. ती इथे डॉक्टर होणार आहे."

"चांगलं आहे. शर्ट वर करा."

"अहो, मी खरंच पेशंट नाही."

"कळलं. करा वर."

लोकांनी वाट दिली. एका म्हाताऱ्याने स्टूल सोडलं. दादाने ठेवणीतला शर्ट वर केला आणि त्याच्या बरगड्या मी इतक्या दिवसांनी नीट बघितल्या. बाईने नळी छातीला लावली, मग पाठीला, मग पुन्हा छातीला, एका जागी बराच वेळ. डोळे मिटून ऐकत होती. रांगेतला कोणीतरी कुरकुरला तर तिने हात वर करून त्याला गप्प केलं. मुंगी ट्रंकेला धरून उभी होती. तिचे डोळे बाईच्या हातावरून हलत नव्हते.

बाईने नळी कानातून काढली.

"काय होतंय तुम्हाला?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मग मुंगीकडे. मागच्या खेपेला काय म्हणायचं ते सांगायला माणूस होता. दम म्हणायचं, थोडं खोकायचं. इथे कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि बाई वाट बघत होती.

"थंडीपासून आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "पडलो की जास्त होतं. घाम येतो. रक्त पडतं, ते मी घरी दाखवत नाही."

"अजून?" बाई म्हणाली.

आणि दादा सांगायला लागला.